छोटा कॅमेरा घेताना: मंडपातला अंधार आणि शिखराची उंची

कॅमेरा घ्यायचं नक्की झाल्यावर मी पहिलं काम केलं ते फोनमधले फसलेले फोटो वेगळे काढायचं. सुट्टीच्या दिवशी जुनी देवळं, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), शिलालेख बघत हिंडायचा मला नाद आहे आणि त्याची सगळी नोंद आजवर फोनवरच होत आली. चांगले आलेले फोटो बघून काहीच कळत नाही. फसलेले बघितले की आपल्याला नेमकं काय हवंय ते लगेच दिसतं.

माझे फसलेले फोटो सरळ दोन ढिगांत पडले. एक ढीग मंडपातला. छतावरचं कोरीवकाम, खांबांवरची कीर्तिमुखं (सिंहासारखे उग्र चेहरे), सगळं अंधारात काढलेलं. फोनने फोटोतले दाणे पुसता पुसता दगडाचा पोतही पुसून टाकलेला, त्यामुळे बेसॉल्टची भिंत मेण चोपडल्यासारखी दिसत होती. दुसरा ढीग शिखराचा. खालून बोटांनी झूम करून काढलेल्या वरच्या मूर्ती. हातात डमरू आहे की कमळ, सांगता येत नाही. उघड्यावरचे वीरगळ, सबंध देवळाचे फोटो, नक्षीच्या पट्ट्या मात्र फोनवर छानच आल्या होत्या. म्हणजे कॅमेरा हवा होता तो फक्त अंधारासाठी आणि उंचीसाठी.

लेन्स बदलता येणारा मोठा मिररलेस कॅमेरा का नको, हे आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने विचारून झालं. एक तर वजन. दुसरं म्हणजे मोठा कॅमेरा गळ्यात दिसला की रखवालदारापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे "कुठल्या चॅनलकडून आलात?" म्हणून विचारतात. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी ट्रायपॉड लावायचा तर वेगळी परवानगी लागते, ती सुट्टीच्या दिवशी कोण आणणार? जे काही काढायचं ते हातात धरून, आणि कॅमेरा पर्समध्ये मावला पाहिजे.

या अटींत बसणारे दोन उरले. कॅननचा जी सेव्हन एक्स मार्क थ्री आणि सोनीचा आरएक्स हंड्रेड मार्क सेव्हन. दोन्ही २०१९ साली आलेले. दोन्हींचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. दोन्ही २०.१ मेगापिक्सेल. वजनातसुद्धा चुरस, कॅनन ३०४ ग्रॅम, सोनी ३०२. खरा फरक लेन्समध्ये. कॅननचा झूम २४ ते १०० मिमी (हे आकडे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापातले; आकडा मोठा तितकी वस्तू जवळ दिसते), ॲपर्चर, म्हणजे लेन्सच्या तोंडाचा आकडा, एफ १.८ ते २.८; हा लहान तितका उजेड जास्त. सोनीचा २४ ते २०० मिमी, पण ॲपर्चर २.८ ते ४.५. थोडक्यात, कॅनन अंधारात बरा आणि सोनी उंचीला. माझ्या दोन ढिगांपैकी एकेक ढीग एकेकाने उचललेला.

"मावशी, डोळे मिटून कॅनन घे," भाच्याचं मत तयार होतं. "सगळे तोच घेतायत."

सगळे घेत होते हे खरंच होतं. रील्स करणाऱ्या मंडळींमध्ये तो कॅमेरा इतका गाजला की जगभर त्याची टंचाई झाली. बोरा बाजारात चौकशी केली तर एका दुकानदाराने "मागवून देतो मॅडम, पण छापील किमतीत नाही मिळणार" असं स्पष्टच सांगितलं. दुसऱ्याने लगेच मिळेल म्हणून सांगितलं, फक्त बिल मागायचं नाही. बिल नाही म्हणजे वॉरंटीही नाही. आत सरकणारी लेन्स असलेला कॅमेरा बिलाशिवाय घ्यायची माझी तरी हिंमत नाही; ती लेन्स अडकली की दुरुस्तीचा खर्च ऐकूनच घाम फुटतो.

दुकानात हातात घेऊन बघण्याचा उपयोग मात्र झाला. कॅननला पुढे बोटांना आधार मिळेल असा उंचवटा आहे आणि वर एक्स्पोजर कमी-जास्त करायची स्वतंत्र चकती. सोनी अगदीच गुळगुळीत. घामेजल्या हातातून सटकेल अशी भीती वाटावी इतका. पण सोनीच्या डाव्या कडेची खिटी सरकवली की आतून डोळा लावून बघायचा इवलासा व्ह्यूफाइंडर टपकन वर येतो, आणि तिथे माझं पारडं पहिल्यांदा हललं. कॅननला व्ह्यूफाइंडर नाही. भर दुपारी उघड्या माळावर पडद्यावर काही दिसत नाही, हा अनुभव फोनवर घेऊन झालेला होता. चष्म्यासकट डोळा लावून पाहिला. कडा थोड्या कापल्या जातात, पण काम होतं.

माहितीपत्रकांवरून यापुढे काही ठरणार नव्हतं. म्हणून दोन्ही कॅमेरे शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेतले. आधार कार्डाची प्रत, डिपॉझिट आणि परत करताना लेन्सवर ओरखडा नको ही तंबी. हल्ली मुंबई-पुण्यात असे कॅमेरे भाड्याने मिळतात आणि एवढ्या किमतीची वस्तू घेण्याआधी हा खर्च मला अजिबात जड वाटला नाही.

परीक्षेसाठी अंबरनाथचं शिवमंदिर निवडलं. डोंबिवलीहून लोकलने जाता येतं हे एक कारण. दुसरं म्हणजे माझ्या दोन्ही अडचणी तिथे एकाच जागी भेटतात. हे देऊळ शिलाहारांचं, त्यावरच्या लेखात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. बाहेरच्या भिंती शिल्पांनी गच्च भरलेल्या, वर भूमिज नावाच्या शैलीतल्या शिखराच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये लहान लहान शिखरांच्या रांगा. आणि मुखमंडपात शिरून मान वर केली की छतावरचं कोरीवकाम, जिथे उजेड जेमतेम पोचतो.

आधी अंधार. दोन्ही कॅमेरे रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने काही न पुसलेला कच्चा फोटो), २४ मिमीवर, शटर सेकंदाच्या आठव्या भागावर. खांबाला पाठ टेकून, श्वास रोखून. कॅननला एफ १.८ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) ४०० पुरला, सोनीला २.८ वर त्याच उजेडासाठी १००० लागला. हिशेब बरोबरच आहे, १.८ वर २.८ च्या जवळजवळ अडीच पट उजेड आत येतो. पण घरी येऊन फाइली मोठ्या करून पाहिल्या तेव्हा कॅननच्या १.८ वरच्या फोटोत मध्यभाग लख्ख आणि कोपरे मऊ. छताची नक्षी तर कोपऱ्यापर्यंत पसरलेली. कोपरे नीट यावेत म्हणून मी तिथे कॅननवरही २.८ चे काही फोटो घेतले होते, आणि तेच जास्त चांगले होते. २.८ वर आल्यावर दोघे एका रांगेत! माणसांचे फोटो काढणाऱ्याला १.८ चा फायदा पूर्ण मिळेल, कारण माणूस हलतो आणि कोपरे कोण बघतंय. दगड हलत नाही. लेन्समधला कंपरोधक चांगला असला की शटर आणखी मंद करायचं, झालं.

मग शिखर. इथे कॅननच्या बाजूने एक युक्तिवाद माझ्या डोक्यात होता. १०० मिमीवर एफ २.८ ने काढायचं आणि नंतर कापून मोठं करायचं. २०० इतकं जवळ आणायला फोटोचा चौथा हिस्सा ठेवावा लागतो, म्हणजे २० मेगापिक्सेलचे ५ उरतात. छापायला तेही चालतात एक वेळ. शिवाय वाटत होतं की २.८ असल्यामुळे कापूनसुद्धा कॅननचा फोटो जास्त स्वच्छ येईल. तसं होत नाही. ॲपर्चरचा आकडा हे गुणोत्तर आहे. लेन्सचं खरं तोंड किती उघडतं ते काढायचं तर खऱ्या फोकल लांबीला त्या आकड्याने भागायचं. कॅननची लेन्स टोकाला ३६.८ मिमी, भागिले २.८ म्हणजे साधारण १३ मिमीचं तोंड. सोनीची टोकाला ७२ मिमी, भागिले ४.५ म्हणजे १६. त्याच मूर्तीवरून येणारा उजेड सोनी जास्त गोळा करतो आणि वर वीसच्या वीस मेगापिक्सेल. १०० मिमीच्या अलीकडे कॅनन सरस, कारण तिथे सोनीचा आकडा चारच्या घरात गेलेला असतो. २०० च्या जवळपास मात्र कापाकापीने सोनीला गाठता येत नाही. शिखराच्या उतरंडीवरची एक मूर्ती फोनवर नुसता दगडाचा गोळा दिसायची, ती २०० वर तिच्या गळ्यातल्या हारासकट उठून आली तेव्हा माझ्यापुरता निकाल लागला.

शिलालेखांचं थोडं वेगळं. अक्षरं उठून दिसायला उजेड तिरका लागतो. सकाळचं कलतं ऊन किंवा बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरलेला टॉर्च. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून पडतो आणि खाचा भरून टाकतो, आणि बाहेरचा फ्लॅश जोडायला वर खाच या दोघांनाही नाही. तेव्हा फ्लॅशची तुलना मी केलीच नाही. (अक्षरं उठावीत म्हणून दगडावर खडू किंवा पीठ चोळणारे लोक अजून भेटतात. त्यांना हात जोडून सांगते, टॉर्च शंभर-दोनशे रुपयांना मिळतो.) जवळून काढायला कॅनन कागदावर पुढे, पूर्ण झूमवर ४० सेंटिमीटरपर्यंत जाता येतं, सोनीला एक मीटर लांब राहावं लागतं. पण २०० मिमीवर एक मीटरवरून साधारण १८ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा चौकटीत बसतो, लेखाच्या दोन-तीन ओळी आरामात. शिवाय लांब उभं राहिल्याने माझीच सावली दगडावर पडत नाही. गद्धेगाळावरचा (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळेवरचा) लेख वाचायचा तर हे फार सोयीचं.

सोनी बराच महाग आहे, आणि भाच्याने तो मुद्दा शेवटपर्यंत सोडला नाही. पण त्याची सगळी गणितं चेहरा आणि व्हिडिओ यांची. धावणाऱ्या माणसावर फोकस धरणं वगैरे सोनीचे गाजलेले गुण माझ्याही काही कामाचे नाहीत, त्यांचे पैसे मी उगाचच मोजले म्हणा ना.

सोनी घेताना पक्कं जीएसटी बिल घेतलं. खोक्यावरचा, कॅमेऱ्याच्या बुडाचा आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर जुळवून पाहिला. बॅटरी घालून दुकानातच झूम पूर्ण मागे-पुढे केला, कुठे घरघर नाही ना ते ऐकलं आणि लेन्सवर हात ठेवून एक काळा फोटो काढला, म्हणजे एखादा पिक्सेल पेटलेला असेल तर ठिपका दिसतो. दुकानदार वैतागला, पण चहा सांगितला.

वर तीन गोष्टी घ्याव्या लागल्या. पुढे चिकटवायची रबरी पकड, कारण सटकण्याची भीती खरी आहे. जादा बॅटरी, कारण एका चार्जमध्ये कंपनीच्याच हिशेबाने २६० फोटो, आणि व्ह्यूफाइंडर वापरला की आणखी कमी. तिसरी, पावसाळ्यासाठी झिपची जाड पिशवी. दोन्हींपैकी एकालाही पाण्यापासून संरक्षण नाही. चार्जिंगला जुनी मायक्रो यूएसबीची वायर लागते, तशा घरात ड्रॉवरमध्ये तीन निघाल्या.