तुम्ही विचारलंत म्हणून: भावाला कुठल्या नंबरचे इंजिनियर बूट आणायला सांगू?

हा प्रश्न मला वर्षभर येतो, पण दिवाळी झाली आणि डिसेंबर जवळ आला की जरा जास्तच येतो. कुणाचा भाऊ न्यू जर्सीहून येत असतो, कुणाची वहिनी डॅलसहून, त्यांच्या बॅगेत थोडी जागा असते, आणि मग मला मेसेज येतो की दादा तुमच्या पायात ते बिनलेसचे, बकलवाले उंच बूट असतात ना, तसे मागवायचेत, मी इथं ९ नंबर घालतो तर तिथला कुठला सांगू. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर देत आलोय, आज एकदाच सगळं लिहून टाकतो. आणि मुख्य उत्तर आधीच देतो: नंबर सांगून मागवू नका. स्नीकर मागवा, लेसवाले बूट मागवा, फार काही बिघडत नाही. हा एक प्रकार मात्र तसा मागवायचा नाही.

कारण अगदी साधं आहे. लेसवाल्या बुटात तुमचा पाय आणि बूट यांच्यात जो काही फरक असतो तो लेस सांभाळून घेते, सैल वाटला की आवळा, सूज आली की ढिली करा. इंजिनियर बुटाला लेसच नाही. साधारण ११ इंच उंच सरळ नळी, पावलावर एक पट्टा आणि बकल, वर नळीच्या तोंडाशी दुसरा छोटा पट्टा, बस. पाय वरून आत जाणार आणि नुसत्या चामड्याच्या पकडीवर थांबणार. म्हणजे फिटिंगचा जो काही निर्णय आहे तो विकत घेतानाच होऊन जातो, नंतर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

खूप जण म्हणतात अहो पण पट्टा आहे ना, तो आवळायचा. नाही हो. तो पट्टा थोडासाच घेतो, एखाद-दोन भोकांचा फरक, त्यापुढे ओढलात तर खालचं जाड चामडं दुमडतं आणि ती घडी पावलावर टोचते. मुळात पाय सैल असेल तर पट्टा त्याला धरून ठेवत नाही.

बूट असा का बनवला, तेही थोडक्यात सांगतो. १९३०च्या दशकाच्या अखेरीला विस्कॉन्सिनमधली चिपेवा आणि ओरेगॉनमधली वेस्को या कंपन्यांनी हे बूट बाजारात आणले. वाफेच्या इंजिनावर काम करणाऱ्यांना, भट्टीसमोर उभं राहणाऱ्यांना असा बूट सोयीचा होता, निखारा पडला तर लेसमध्ये अडकायला जागा नाही, घरंगळून खाली जातो, आणि आतच गेला तर बूट झटकन पायातून काढता येतो. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या गोदीत वेल्डिंग करणाऱ्यांनी हेच बूट घातले, कारण तेच, ठिणग्या. युद्धानंतर मोटरसायकलवाल्यांनी उचलले, कारण लेस लटकून गिअरच्या दांडीत किंवा चेनमध्ये जायचा प्रश्न नाही आणि सायलेन्सरला पोटरी भाजत नाही. बकल बाहेरच्या बाजूला असतं, टाकीला ओरखडे पडत नाहीत. या बुटावर शोभेसाठी म्हणून असं फारच थोडं आहे, आणि मला तो आवडतो त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आता नंबरचं. इथला ९ म्हणजे ब्रिटिश ९, तो अमेरिकेत साधारण १० होतो. त्यात हे बूट स्नीकरच्या मानानं अर्धा ते एक नंबर मोठे निघतात, म्हणजे साडेनऊ किंवा ९ घ्यायला हवा. इथपर्यंत कुणीही सांगेल. पण हा झाला लांबीचा हिशोब. अमेरिकेतल्या बुटांच्या दुकानात ती धातूची पट्टी असते बघा, सरकत्या कडांची, ब्रॅनॉक म्हणतात तिला, सिराक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकनं १९२०च्या दशकात बनवलेली. तिच्यावर तीन गोष्टी कळतात, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी, टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी आणि रुंदी, जी डी, ई, डबल ई अशी अक्षरांत सांगतात. पहिल्या दोन लांब्यांत फरक आला तर मोठी असेल ती धरायची, कारण बूट जिथं वाकतो तिथंच तुमचा चवडा वाकला पाहिजे. पण या पट्टीवरसुद्धा पावलाचा वरचा उंचवटा, ज्याला बूटवाले इन्स्टेप म्हणतात, तो मोजता येत नाही. आणि इंजिनियर बुटाची सगळी मदार त्याच्यावर आहे. दोन माणसांची लांबी तीच, रुंदी तीच, तरी एकाला बूट चपखल बसतो आणि दुसऱ्याचा पाय घोट्याच्या वळणावर अडकून बसतो.

चिंचवडच्या माझ्या एका मित्राच्या बाबतीत हेच झालं. चुलतभावानं तिकडून जोडी आणली, कागदावर नंबर बरोबर, बॉक्स उघडला तेव्हा सगळं घर बघायला जमलं. पण मित्राचा उंचवटा चांगला मोठा, पाय आत जाईना. मग पायावर प्लास्टिकची पिशवी चढवून घसरवत घातला, ही युक्ती लागू पडते हे खरं, पण पाय आत गेल्यावर तो निघेना, दोघांनी मिळून ओढला. दुकानात परत करायची मुदत भाऊ विमानात बसला तेव्हाच संपल्यात जमा होती. शेवटी नाशिकच्या एका बारीक पावलाच्या रायडरला ती जोडी विकली. मित्राला नवीन बूट गेल्याचं वाईट वाटलंच, पण भावाला जास्त वाटलं, त्यानं प्रेमानं आणले होते.

म्हणून माझं सांगणं असतं की शक्य असेल तर स्वतः घालून बघा. आयटीत असाल आणि ऑनसाइटला जायचा योग आला, विशेषतः मिनियापोलिसच्या बाजूला, तर मिसिसिपीच्या काठावर रेड विंग नावाचं गाव आहे, त्याच नावाची कंपनी तिथं १९०५ पासून आहे, आणि त्यांच्या दुकानात ६३८½ नंबरचा एक प्रचंड बूट उभा करून ठेवलाय. शनिवारी आरामात जाऊन येण्यासारखं आहे.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, आणि जे मोजे नेहमी घालणार तेच घालून जा. बसून, नळीच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी धरायचं आणि पाय सरळ खाली सोडायचा. तळाशी पोचायच्या जरा आधी पाय अडतो, टाच मागे घासते आणि उंचवटा पुढे घासतो, दोन्ही एकाच वेळी, तिथं थोडा जोर लावायचा आणि मग टाच एकदम आत बसते, थप्प असा आवाज येतो, आतली हवा निघते. हा आवाज आला पाहिजे. पाय काहीही न अडता सुळकन गेला तर बूट तुम्हाला मोठा आहे, कितीही मऊ आणि छान वाटला तरी. आणि उभं राहून घाम फुटेपर्यंत रेटावं लागत असेल तर उंचवट्याला तो लहान आहे, पुढे सैल होईल म्हणून विक्रेत्यानं सांगितलं तरी घेऊ नका. चामडं रुंदीला सैलावतं, घोट्याच्या त्या वळणात फार कमी.

आत गेल्यावर चाला. नव्या बुटात टाच थोडी वर उचलली जाते, अर्ध्या इंचापर्यंत असेल तर घाबरायचं कारण नाही, सोल अजून कडक आहे, तो वाकायला लागला की ते कमी होतं. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. पुढे बोटांच्या संरक्षणासाठी लोखंडी वाटी असलेला बूट असेल, रेड विंगचा २२६८ हा त्यातला गाजलेला, तर जिन्याच्या पायरीवर चवड्यावर उभं राहून बघाच. पाय वाकल्यावर वाटीची मागची कड बोटांच्या वर टोचली तर तो बूट तुमचा नाही, ती कड कधीच मऊ होणार नाही. आणि बुलेटवाल्यांसाठी आणखी एक, वाटीचा बूट पुढून जाड असतो, गिअरच्या दांडीखाली पटकन शिरत नाही, दांडी थोडी वर घ्यावी लागते. मेकॅनिकला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

जुने बूट ऑनलाइन घेऊ का, हेही विचारतात. जाणकार लोक घेतात, आणि आतल्या लेबलवर पीटी ८३, पीटी ९१ असं शोधतात. बोटांच्या संरक्षणाचं जे अमेरिकन स्टँडर्ड होतं त्याच्या १९८३ आणि १९९१च्या आवृत्त्या त्या, त्यावरून बुटाचं वय कळतं. शौक म्हणून छान आहे. पण जुन्या बुटात दुसऱ्या कुणाच्या तरी पावलाचा ठसा बसलेला असतो आणि घड्या त्याच्या चालीच्या असतात, तेव्हा पहिली जोडी जुनी घेऊ नका एवढंच सांगेन.

चामड्याबद्दल मी पक्षपाती आहे. मला ते काळं चामडं आवडतं ज्याचा गाभा तपकिरी असतो, टीकोअर म्हणतात. नवं असताना नुसतं काळं दिसतं. मग डाव्या बुटाच्या चवड्यावर, जिथं गिअरची दांडी रोज घासते, तिथला काळा रंग आधी जातो आणि खालून चहासारखा रंग वर येतो, मग घोट्याच्या घड्यांवर, मग टाचेच्या कडेला. माझ्या जोडीत डावा आणि उजवा आता निरनिराळे दिसतात. त्यावर पॉलिश चढवून तो रंग झाकायला माझा जीव होत नाही. जपानमधले क्लिंच, लोन वुल्फसारखे ब्रँड या बुटांवर जी मेहनत घेतात ती बघितली की वाटतं, या लोकांनाही तेच दिसलंय.

आपल्याकडे घालायचे तर पावसाचा विचार करावाच लागतो. जुलैत ताम्हिणीत गेलात आणि रेनपँट बुटाच्या आत खोचलीत तर पाणी पँटवरून ओघळून थेट नळीत उतरतं, बूट वरून भरतो. रेनपँट बुटाच्या बाहेर. घरी आलं की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला, आणि पंख्याखाली आडवे ठेवा. उन्हात नाही, गॅसजवळ तर नाहीच, चामडं तडकतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकले की बुरशी आलीच समजा, उघड्यावर राहू द्या. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्यानं पुसा, बाहेर नेऊन, घरात नको. पावसाळ्याआधी आणि नंतर चामड्याचं कंडिशनर बोटभर घेऊन पातळ लावा, तेल थापू नका.

टाचेचं रबर झिजून वरच्या चामड्याच्या थरांपर्यंत जायच्या आत बदलून घ्या, कोपऱ्यावरचा चांगला कारागीरही करतो. पूर्ण सोल मात्र वेल्टचं, म्हणजे सोल ज्या चामड्याच्या पट्टीला शिवतात तिचं, शिलाई मशीन असलेल्यालाच द्या, चिकटवून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका.

काढायचं तंत्रही आहे. एक बूट दुसऱ्याच्या टाचेनं रेटून काढायची सवय लावू नका, मागची शिवण उसवते. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या सुताराकडून मी प्लायची एक फळी करून घेतली, एका टोकाला बुटाच्या टाचेएवढी व्ही आकाराची खाच, खाली एक ठोकळा म्हणजे ती बाजू थोडी वर राहते, आणि खाचेच्या कडांना सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलंय. एका पायानं फळी दाबायची, दुसरी टाच खाचेत अडकवायची, पाय वर ओढायचा. काही शे डॉलरच्या बुटाला ही फळी हवीच.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हा बूट रायडिंग गिअर नाही. घोट्याला आर्मर नसतं आणि जोरात पडलात तर बिनलेसचा बूट पायातून निघूही शकतो. रोज ऑफिसला, रविवारी मुळशीपर्यंत, मी हाच घालतो. लांबच्या टूरला किंवा ट्रॅकवर योग्य रायडिंग बूटच घाला.

आता, स्वतः जाणं शक्यच नाही आणि हवाच आहे, तर मापं देऊन करून घ्या. वेस्को अशी ऑर्डर घेते, उंची, चामडं, सोल सगळं निवडता येतं, वेळ भरपूर लागतो, तेव्हा भाऊ यायच्या महिनाभर आधी जागे होऊ नका. संध्याकाळी कोऱ्या कागदावर मोजे घालून उभे राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला पेन्सिल अगदी सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा, स्वतः वाकून मारू नका, पाऊल बदलतं. मग शिंप्याची टेप घेऊन चवड्याभोवती, उंचवट्याभोवती, टाचेच्या खालच्या कोपऱ्यापासून तिरकं वर घोट्याच्या वळणावरून फिरवून, आणि जमिनीपासून ११ इंचावर पोटरीभोवती. टेप टेकलेली हवी, आवळलेली नको. दोन्ही पायांची वेगवेगळी लिहा, बहुतेकांचे पाय सारखे नसतात. तो तिरका आकडा दोनदा घ्या, त्यात बदल आला तर तिसऱ्यांदा. कागदाचा फोटो मला पाठवलात तरी चालेल, ऑर्डर द्यायच्या आधी बघून सांगतो.