कॅस्पेस-३ची रेघ उमटेना तेव्हा

स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींना डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध द्यायचं, डीएनएला इजा झाल्यावर पी५३ हे प्रथिन वाढतं का ते बघायचं आणि पेशी मरताना कॅस्पेस-३ हे पेशी मोडणारं एन्झाइम कापलं जातं, म्हणजे चालू होतं, हे वेस्टर्न ब्लॉटवर दाखवायचं, एवढंच काम होतं. (या पद्धतीत प्रथिनं आकारानुसार वेगळी करून मेंब्रेन या पातळ पडद्यावर उतरवतात आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीनं रेघेच्या रूपात दाखवतात.)

पी५३नं पहिल्याच ब्लॉटला साथ दिली. एरवी एमडीएम२ हे प्रथिन पी५३ला सतत मोडीत काढत असतं, त्यामुळे ते पेशीत फार साठत नाही. औषध न दिलेल्या पेशींच्या लेनमध्ये (ब्लॉटवरच्या उभ्या रांगेत) फिकट रेघ, २४ तासांच्या लेनमध्ये ठसठशीत काळा पट्टा. पण पट्टा ५३ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास आला म्हणून तो पी५३चाच, असं धरून चालायला मन तयार नव्हतं. ज्यांच्यात पी५३ बनतच नाही अशा एच१२९९ पेशींची लेन शेजारीच लावली होती. ती कोरी निघाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. (अँटिबॉडी डीओ-१ होती. ती माणसाचं पी५३ ओळखते, उंदराचं नाही. मागवण्याआधी हे बघून घ्या.)

कॅस्पेस-३ची अँटिबॉडी फक्त कापलेला तुकडा धरणारी होती. रेघ १७ किलोडाल्टनला यायला हवी होती. तिथे काहीच नव्हतं. तुकडा लहान, मेंब्रेनमधून आरपार गेला असेल, म्हणून ०.२ मायक्रॉनचं मेंब्रेन घेतलं. अँटिबॉडी १:१००० ऐवजी १:५०० इतकीच पातळ केली, रात्रभर ४ अंशांवर ठेवलं. मग लक्षात आलं की मेलेल्या पेशी तळ सोडून माध्यमात तरंगतात आणि ते माध्यम तर मी ओतून देत होते. ही चूक खरीच होती. पुढच्या वेळी तरंगणाऱ्या पेशीही सेंट्रिफ्यूज करून गोळा केल्या. तरीही मेंब्रेन कोरंच. तीन आठवडे गेले. अँटिबॉडीच खराब आली अशी माझी खात्री होत चालली होती, तक्रारीचा मजकूरही लिहून ठेवला होता.

तो पाठवण्याआधी एकदाच, पेशींना मरायला लावणारं स्टॉरोस्पोरिन दिलेल्या जुरकाट पेशींचा लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) शेजारच्या लेनमध्ये घातला; त्यांच्यात कॅस्पेस-३ कापलं जातंच. रेघ दिसायला लावणारं रसायन, म्हणजे सब्स्ट्रेट, टाकला आणि काही सेकंदांत जुरकाटच्या लेनमध्ये १७च्या जागी रेघ उमटली, स्वच्छ, काळीभोर. शेजारी एमसीएफ-७ची लेन तशीच रिकामी. म्हणजे अँटिबॉडी आपलं काम चोख करत होती. जे नव्हतंच ते ती दाखवणार कुठून?

उत्तर १९९८ सालापासून छापलेलं होतं. एमसीएफ-७ पेशींत कॅस्पेस-३च्या जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमधून (जनुकाच्या एका तुकड्यातून) ४७ बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, गळालेले आहेत, त्यामुळे हे प्रथिन तयारच होत नाही. पेशीचं नाव आणि प्रथिनाचं नाव एकत्र शोधलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं, याची रुखरुख अजून आहे.

पण मग या पेशी मरत कशा होत्या? कॅस्पेस-३ नसलं तरी त्यांच्यात कॅस्पेस-७ असतं आणि तेही पार्प हे डीएनए दुरुस्तीचं प्रथिन कापतं. तेच मेंब्रेन धुऊन पार्पच्या अँटिबॉडीत ठेवलं. औषध न दिलेल्या लेनमध्ये ११६ची एकच रेघ होती. २४ तासांच्या लेनमध्ये ती फिकट झाली होती आणि तिच्याखाली, ८९ला, कापलेल्या पार्पची दुसरी आली होती.