तळाशीलची ओहोटी

मालवणला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न येतो, स्कूबा केलंस का? दुसरा, मासे कुठे खाल्लेस? या दोन प्रश्नांपलीकडे तिथल्या किनाऱ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी गेले होते तळाशीलला, आणि गेले होते ते ओहोटी बघायला.

मालवण-आचरा रस्त्यावरून आत वळलं की तोंडवळी लागतं आणि तिथून पुढे तळाशील. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधे माडांची, सुरूंची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी तर ती इतकी अरुंद आहे की उभ्या जागी दोन्हीकडचं पाणी दिसतं. शंख-शिंपल्यांसाठी गेलेल्या माणसाला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. लाटांच्या वाळूत राहणारे जीव वेगळे, खाडीच्या चिखलातले वेगळे, कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांवरचे आणखी वेगळे, आणि हे सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात.

जायचा दिवस मी तिथी बघून ठरवला होता. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दोनाचे दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी सव्वासात-साडेसातला पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब हटतं आणि एरवी झाकलेली जमीन उघडी पडते. मुक्कामाच्या घरमालकांना मी पहाटे साडेसहाला चहा मागितला, तर त्यांनी कपाळाला आठी न घालता दिला. दाराशी पाय धुवायला बादली भरून ठेवलेली होती. अशा गोष्टी माझ्या फार लक्षात राहतात.

किनाऱ्यावर पोचले तेव्हा पाणी खूप आत गेलं होतं. ओल्या वाळूवर चालताना पायाखाली बारीक टणक काहीतरी लागत होतं. मूठभर वाळू उचलून पाण्यात हलवली तर हातात पंधरा-वीस शंख राहिले. शर्टाच्या बटणाएवढे, चपटे, गुळगुळीत. एक राखाडी, एक गुलाबी, एकावर तपकिरी नागमोडी रेघा, एक जवळजवळ जांभळा. सगळी एकच जात, अंबोनियम व्हेस्टिॲरियम, पण रंगात दोन शंख सारखे नाहीत. बहुतेक समुद्री गोगलगायी दगडावरचं शेवाळ खरवडतात, नाहीतर शिकार करतात. हे मात्र वाळूत गाडून घेऊन शिंपल्यांसारखं पाणी आत ओढतात आणि त्यातले सूक्ष्म कण गाळून खातात. म्हणून ते लाटेच्या पट्ट्यात राहतात, आणि राहतात ते अफाट संख्येनं. मूठ परत पाण्यात सोडली की क्षणात सगळे वाळूत दिसेनासे होतात.

त्यांच्यामध्ये रिकाम्या शिंपल्याही होत्या. त्यातल्या पुष्कळांना टोकाशी एक भोक होतं, गोल, रेखीव, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं. किनाऱ्यावर फिरायला आलेल्या एका मुलीनं अशा भोकाच्या शिंपल्यांची माळ ओवली होती आणि तिच्या आईला वाटत होतं की लाटांनी पडलेली भोकं आहेत ही. ती पाडते चंद्रशंखाच्या जातीची गोगलगाय. ती वाळूखालून सरपटत शिंपल्यापर्यंत पोचते, आपल्या रुंद मांसल पायानं तिला कवटाळते, एका ग्रंथीतल्या स्रावानं कवच मऊ करते आणि दातेरी जिभेनं खरवडत राहते. हे काम तासन् तास चालतं. भोक आरपार पडलं की आतलं मांस खाते. मी त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिनं माळेतलं एकेक भोक डोळ्याशी धरून पाहिलं, आणि मग आम्ही दोघी मिळून भोक पाडणारीला शोधायला निघालो.

ती काही सापडली नाही, पण तिची अंडी सापडली. वाळूवर एक कॉलर पडली होती. तळहाताएवढी, एका बाजूनं उघडी, कडेला झालरीसारखी लाटदार. रंग वाळूचाच. बघणाऱ्याला वाटावं, रबराचा फाटका तुकडा आहे. हातात घेऊन उजेडाकडे धरली तर आत बारीक बारीक ठिपके दिसले, एकाला एक लागून, सगळीकडे सारखे. चंद्रशंखाची मादी आपल्या पायाभोवती वाळू आणि चिकट द्रव एकत्र करून हा पट्टा तयार करते आणि त्यात अंडी ठेवते. ओली असेतो ती लवचिक असते, वाळली की हातात चुरा होते. आम्ही ती पाण्याच्या कडेला जशी होती तशी ठेवली. मुलगी तिथेच उकिडवी बसून राहिली.

तेवढ्यात जीप आली. सुरूंच्या बनातून थेट किनाऱ्यावर, चार तरुण आत आणि गाणं मोठ्यानं लावलेलं. ओहोटीची वाळू घट्ट असते म्हणून ती गाडी चालवायला बरी पडते. त्यांनी पाण्याच्या कडेनं सरळ एक फेरी मारली, मग गोल गोल फिरवून वाळू उडवली, व्हिडिओ काढला. आमच्या अगदी जवळून चाकं गेली. मुलगी उठून आईकडे पळाली. गाडी गेल्यावर मी त्या चाकोरीतून चालत गेले. दाबलेल्या वाळूत अंबोनियमचे फुटलेले तुकडे चकाकत होते. खोल गाडलेल्या जाती वाचत असतील, पण जे वरच्या बोटभर थरात राहतात त्यांना तेवढाच थर असतो. कॉलरवरून चाक गेलं होतं. मी त्या तरुणांना गाठून बोलले. त्यातला एक ऐकून घेत होता. बाकीच्यांनी, "मोकळा तर आहे किनारा, इथे काय आहे?" असं विचारलं. त्यांनी खरोखरच विचारलं होतं, उद्धटपणा नव्हता त्यात, आणि त्यामुळे मला जास्त त्रास झाला. किनाऱ्यावर गाडी उतरवायची वाट एका ओंडक्यानं बंद करता येते. एवढं करायला कुणाची परवानगी लागते, कुणाचा खर्च लागतो, हे मी दोन ठिकाणी विचारलं, आणि दोन्ही ठिकाणी मला दुसऱ्याचं नाव सांगण्यात आलं.

दुपार मालवण बाजारात गेली. शोभेच्या शंखांची दुकानं पाहून पाय रेंगाळले, पण घेतलं काही नाही. 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्यांत शंख-शिंपल्यांच्या 24 प्रजाती घातल्या गेल्या. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावायचे ती पातळ, दुधी उजेड आत सोडणारी शिंपलीही त्यात आहे. मालवणच्या समुद्राला 1987 सालीच अभयारण्य म्हणून जाहीर केलेलं आहे. याची साधी पाटीसुद्धा त्या दुकानांच्या रांगेत मला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी खाडी. घरमालकांनी ओळख करून दिलेल्या एका काकींबरोबर उतरले. पाठीत किंचित वाकलेल्या, साडीचा काष्टा घट्ट मारलेला, कमरेला दोरी आणि दोरीला बांधलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं, जे पाण्यावर त्यांच्या मागून तरंगत यायचं. मी चिखलात पाय टाकणार तोच त्या म्हणाल्या, "थंय पाय घालू नको गो बाये, चिकल खोल आसा." मग त्यांच्याच पावलांवर पाऊल ठेवत गेले.

तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या वाळूतल्या खायच्या शिंपल्या, काढणं डोळ्यांचं काम नाही, पायाचं आहे. पाणी गढूळ, तळ दिसत नाही. काकी पायाच्या बोटांनी वाळू चाचपत पुढे सरकत होत्या. थांबल्या की खाली वाकायच्या आणि हात वर आला की त्यात तिसरी असायचीच. दगड नाही, रिकामी शिंपली नाही, जिवंत तिसरी. पाणी अगदी उथळ होतं तिथे त्यांनी मला वाळूवरची जोडीची बारीक छिद्रं दाखवली. तिसरी आत गाडलेली असते आणि दोन नळ्या वर काढते. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. खाणं, श्वास घेणं, सगळं त्या पाण्यातूनच. खाडीचं पाणी दिवसरात्र असं लाखो जिवांतून गाळून जात असतं.

लहान तिसऱ्या त्या बोटांत धरून बघायच्या आणि परत सोडायच्या. "बारकी आसत, रवांदेत." तासाभरात हे किती वेळा ऐकलं असेल. ही शिस्त त्यांना कुणी कागदावर लिहून दिलेली नाही. केरळात अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला 2014 मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, तेही अशाच गोष्टींवर: लहान सोडायच्या, अंडी घालायच्या हंगामात थांबायचं. आपल्या खाडीतल्या बायका हेच करतात आणि त्यांची नोंद कुठेच नाही.

पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी भरतं. तिसऱ्या कवच गच्च मिटून वाट पाहतात, फार दिवस गोडं पाणी राहिलं तर पुष्कळ मरतात, आणि पुन्हा खारेपण आलं की तरंगत आलेली पिल्लं वाळूत बसतात. त्यांना बसायला वाळू लागते. काकींची तक्रार तीच होती. वाळूचा उपसा होतो तेव्हा वाळूबरोबर पिल्लंही जातात आणि तळ खोल होतो. "आदी हंय ढोपरभर पाणी होता. आता मानेक लागता," त्या म्हणाल्या आणि पलीकडच्या पात्राकडे हात केला. तिथे आता उतरताच येत नाही.

पाणी चढायला लागलं तसे आम्ही कडेनं कांदळाखालून परतलो. मुळांना कालवं चिकटलेली होती, डावी शिंपली मुळाला कायमची सांधलेली, उजवी झाकणासारखी. चिखलावर हाताच्या बोटाएवढ्या लांब, तपकिरी, सुळक्यासारख्या गोगलगायी संथ चालल्या होत्या, टेलिस्कोपियम. आणि त्यांच्या डोक्यावर, खोडांवर, पानांच्या खालच्या बाजूला लिटोरारिया, नखाएवढ्या. त्या समुद्री आहेत, तरी पाण्यात बुडणं टाळतात. भरती आली की वर चढतात. आम्ही उभे होतो तिथे एका खोडावर त्या चढताना दिसल्या, पाण्याच्या रेषेच्या टीचभर वर, जसं पाणी तशा त्या. काकी म्हणाल्या, "त्येंका कळता." एका मोडक्या होडीच्या फळीला बोट आत जाईल एवढी भोकं होती. ती पोखरणाराही शिंपल्यांचाच भाऊबंद. किड्यासारखं लांब अंग आणि डोक्याशी कवचाचे दोन छोटे तुकडे, त्यांनीच लाकूड कोरतो आणि मागे भोकाला आतून चुन्याचं अस्तर देत जातो. फळी फोडून पाहिली तर ते पांढरं अस्तर नळीसारखं निघालं.

दुपारी काकींच्या घरी एकशिपी झाली. तिसऱ्या आधी मिठाच्या पाण्यात ठेवल्या, म्हणजे आतली वाळू त्या आपणच टाकतात. मग काकींनी आडाळीवर, म्हणजे विळीवर, एकेक उघडली, एक कवच टाकलं, मांस दुसऱ्यात ठेवलं. ओलं खोबरं, कांदा, मालवणी मसाला, दोन कोकमं. मी आजवर खाल्लेल्या कुठल्याही हॉटेलातल्या तिसऱ्यांपेक्षा ती चांगली होती. टाकलेली कवचं परसात एका ढिगात होती. पूर्वी ती चुन्याच्या भट्टीला जायची, आता थोडी परत खाडीत टाकतात. कालवांच्या पिल्लांना बसायला असं टणक काहीतरी लागतंच.

निघताना त्यांच्या दारात तिसऱ्यांचे वाटे मांडलेले होते. एक जोडपं गाडी थांबवून भाव विचारत होतं. शंभराचा वाटा ऐंशीला मागत होते आणि शेवटी नव्वदला घेऊन गेले. अर्धा दिवस पाण्यात वाकून काढलेला तो वाटा. मी दोन वाटे घेतले, शंभर-शंभरचे, आणि काकींना पुढच्या पौर्णिमेला मैत्रिणींना घेऊन येते असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "येवा, पण तिथी बघून येवा."