‘उलट क्रमाने बसवावे’

मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तकात जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य असते: ‘भाग ज्या क्रमाने काढले, त्याच्या उलट क्रमाने बसवावेत.’ माझी जुनी मॉरिस मायनर घरी पुन्हा जोडताना या एका वाक्याने मला जितके दिवस रखडवले, तितके गंजानेही रखडवले नाही.

गाडी १९६० सालची आहे. ९४८ सीसीचे इंजिन, चार दारे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि दोन दारांमधल्या खांबातून बाहेर येणारे दिशादर्शक हात, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. ती पूर्ण सुटी करायला मला सहा आठवडे पुरले आणि जोडायला सात वर्षे लागली. सुटी करण्याचे काम उत्साहाचे असते, त्यात रोज काहीतरी संपल्याचे समाधान मिळते, आणि नेमक्या त्याच उत्साहात माणूस नोंदी ठेवण्याचा आळस करतो. पहिल्या महिन्यातल्या पिशव्यांवर मी भागाचे नाव, बाजू, बोल्टची संख्या आणि वॉशरचा क्रम असे सगळे व्यवस्थित लिहिले होते. शेवटच्या आठवड्यातल्या पिशव्यांवर ‘उजवीकडचे’ एवढेच लिहिलेले सापडले, आणि एका पिशवीवर माझ्याच अक्षरात ‘हे लक्षात ठेव’ असा मजकूर होता. आत तीन स्क्रू आणि एक स्प्रिंग होती. ती स्प्रिंग हातब्रेकची असल्याचे मला चार वर्षांनी समजले.

उलट क्रमाचे वाक्य पहिल्यांदा खोटे ठरले ते पत्र्याच्या कामात. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालची स्वतंत्र चौकट, नाही. फरशी, दारांखालचे सिल आणि वरचा सांगाडा मिळूनच तिचा कणा तयार होतो. त्यामुळे गंजलेले सिल कापून नवे लावताना सांगाडा किंचित जरी खचला, तरी नंतर दार चौकटीत बसत नाही. मी कापण्याआधी दारांच्या चौकटींत लोखंडी आडवे आधार वेल्ड केले होते आणि कर्णांची मापे भिंतीवर लिहून ठेवली होती. एवढे करूनही डाव्या मागच्या दाराची फट वर ४ मिमी आणि खाली ७ मिमी निघाली. हे रंग दिल्यानंतर लक्षात आले असते तर काय झाले असते, याची कल्पनाही नको वाटते. सुदैवाने एका अनुभवी माणसाने मला आधीच बजावले होते की, रंगाच्या आधी गाडी एकदा पूर्ण जोडायची: दारे, मडगार्ड, बॉनेट, डिकी, बंपर, दिवे, सगळे काही, आणि मग ते सगळे पुन्हा काढायचे. त्या वेळी हा सल्ला मला छळासारखा वाटला. पण बिजागऱ्यांखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालणे, मडगार्डची भोके कानसीने थोडी लांबट करणे, वेल्डचा फुगवटा घासून काढणे ही कामे कोऱ्या पत्र्यावरच करता येतात. रंगावर ती करणे म्हणजे रंगाचे काम पुन्हा करणे.

बॉनेट बसवताना एक गंमत लक्षात आली. त्याच्या मधोमध एक सपाट पट्टी जाते. या गाडीचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांना नमुना गाडी अरुंद वाटली, म्हणून त्यांनी ती उभी कापून दोन्ही भाग दूर सरकवून पाहिले आणि अखेरीस ती ४ इंचांनी रुंद केली. ही पट्टी त्या बदलाचीच खूण आहे. १९४८ मध्ये गाडी बाजारात आली ती या रुंद रूपातच. मला मात्र या इतिहासाचा उपयोग वेगळाच झाला. पट्टीच्या मध्यावर दोरी ताणली की गाडीची मध्यरेषा आयती मिळते आणि दोन्ही मडगार्ड तिच्यापासून मोजून बसवता येतात.

बोल्टांच्या बाबतीत मी स्वतःला शहाणा समजत होतो आणि तिथेच फसलो. या गाडीचे बहुतेक बोल्ट इंची मापाचे आणि बारीक आट्यांचे आहेत. ५/१६ इंची बोल्टचा व्यास ७.९४ मिमी भरतो, त्यामुळे आजचा ८ मिमीचा बोल्ट हातात घेतला तर फरक कळतच नाही. पण इंची बोल्टला एका इंचात २४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर सुमारे १.०६ मिमी, आणि नेहमीच्या ८ मिमी बोल्टला ते १.२५ मिमी असते. असा चुकीचा बोल्ट एक-दीड फेरा सहज जातो, मग अडतो, आणि माणूस ‘रंग साचला असेल’ असे म्हणून पान्यावर जोर लावतो. मी लावला. पत्र्याला आतून वेल्ड केलेल्या नटाचे आटे गेले आणि तो नट बदलण्यासाठी नुकताच रंगवलेला भाग पुन्हा जाळावा लागला. त्यानंतर आट्यांचे माप घेणारी पट्टी माझ्या खिशातून निघाली नाही.

पुढच्या चाकांकडे स्प्रिंगऐवजी लांब टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसून स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळ्या, आहेत. वापरलेला बार एकाच दिशेने पीळ सोसत आलेला असतो, म्हणून डावा उजवीकडे लावता येत नाही. पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते त्या किंगपिनच्या टोकांवर फिरणाऱ्या ट्रनियनचे, म्हणजे आटे असलेल्या सांध्यांचे, आटेही एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटे असतात. हे भाग नियमित ग्रीस मागतात; ते न मिळाल्यास आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी चाक आत दुमडून गाडी रस्त्यावर बसते. म्हणून इथे मी घाई केली नाही. घाई केली ती त्याच्या शेजारी. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, या गाडीत चालकाच्या पायाखाली, फरशीखालच्या तुळईत बसतो, आणि टॉर्शन बार आधी चढवला तर सिलिंडरच्या बोल्टांना तो आडवा येतो. मी आधी बार चढवला होता, कारण सुटे करताना मास्टर सिलिंडर आधी निघाला होता. तो मी कापून काढला होता, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. उलट क्रमाचा नियम हा नियमाने काढलेल्या भागांपुरताच खरा असतो.

मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या बाबतीत क्रम बरोबर होता, पण वेळ चुकली. गाडी स्टँडवर उंच असताना आणि मागचा अ‍ॅक्सल लोंबकळत असताना मी पाट्यांचे नट पूर्ण आवळले. तसे केले की पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीतच पकडले जातात, आणि गाडी चाकांवर उतरल्यावर ते कायम पिळलेले राहतात व लवकर फाटतात. नट हाताने लावून, गाडी जमिनीवर उतरवून, वजन आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. सगळे सैल करून पुन्हा आवळण्यात एक दुपार गेली, एवढ्यावर निभावले.

सर्वांत मोठी चूक मात्र काचेची. पुढची काच रबराच्या खाचेत बसवण्याची रीत मोठी सुंदर आहे: रबर काचेभोवती चढवायचे, त्याच्या आतल्या ओठात दोरी घालायची, काच बाहेरून चौकटीवर टेकवायची, आणि एकाने बाहेरून तळहाताने दाबत असताना दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची, दोरीबरोबर रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटत जातो. माझी मुलगी बाहेरून दाबत होती, मी आत होतो. तिसऱ्या प्रयत्नात काच बसली आणि आम्ही दोघे समाधानाने गाडीत बसून राहिलो. तिने वर पाहिले आणि विचारले, “बाबा, छताचं अस्तर कधी लावायचं?” अस्तराच्या कडा काचेच्या चौकटीवर चिकटवून रबराखाली दाबायच्या असतात. म्हणजे अस्तर आधी, काच नंतर. आणि छतातल्या दिव्याची वायर अस्तराच्याही आधी. काच त्याच संध्याकाळी परत काढली.

वायरिंगला मी सर्वांत जास्त घाबरत होतो आणि ते सर्वांत सोपे गेले, कारण जुन्या ब्रिटिश गाड्यांचे वायरींचे रंग ठरलेले असतात: तपकिरी थेट बॅटरीकडून येणारी, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून पुढे जाणारी, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. फक्त या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे ध्यानात ठेवावे लागते. बॉडीवर नवा रंग इतका जाड बसला होता की अर्थच मिळेना. प्रत्येक जोडणीखालचा रंग खरवडावा लागला.

इंजिन मी आधीच उघडून बांधले होते. सिलिंडर हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने ४० फूट-पौंडांपर्यंत आवळले होते आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची, फट ०.३० मिमी ठेवली होती. पहिल्या दिवशी प्लग काढून, तेलाचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसते फिरवले. मग प्लग लावले आणि किल्ली फिरवली. इंधनपंप टकटक करत कार्बोरेटर भरून शांत झाला. स्टार्टर ओढताच कार्बोरेटरमधून तोफेसारखा आवाज आला. चार फटक्यांच्या इंजिनात पहिला पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा दाबाच्या शेवटी आणि एकदा धूर बाहेर टाकून. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर मी दुसऱ्या वेळेला जुळवला होता. पहिला सिलिंडर खऱ्या दाबावर असेल तर चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह नुकते हलत असतात, हे टॅपेटचे झाकण काढून पाहिले असते तर समजले असते. प्लगच्या वायरी समोरासमोर अदलाबदल केल्या, १-३-४-२ हा ठिणगीचा क्रम पुन्हा मोजला, आणि पुढच्या किल्लीला इंजिन चालू झाले.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर हेडचे नट पुन्हा तपासले आणि टॅपेटही पाहिले. इंजिनाच्या मागच्या बाजूने तेलाचे थेंब पडतात. तिथे मुळात सीलच नाही, तेल परत ढकलणारा मळसूत्री खाचेचा भाग आहे, त्यामुळे खाली तसराळे ठेवतो आणि वाद घालत नाही. ब्रेकमधली हवा दोनदा काढावी लागली. त्या गडबडीत सांडलेल्या ब्रेक ऑइलने इंजिनामागच्या भिंतीवरचा तळहाताएवढा रंग उठवला, तो अजून तसाच आहे. डावा दिशादर्शक हात अर्ध्यावर येऊन थांबतो आणि खांबावर टिचकी मारली की पूर्ण वर येतो. त्याच्या खिळीत पातळ तेलाचा एक थेंब पुरेल असे वाटते, पण त्यासाठी तो बाहेर काढावा लागेल. या वेळी काढण्याआधी फोटो घेणार आहे.