झाडू फिरत होता, कचरा तसाच

सोमवारी सकाळी सव्वानऊला तक्रार आली. ईमेल पाठवणं, पीडीएफ तयार करणं अशी मागच्या मागे चालणारी कामं रांगेत तुंबली होती, डिस्कला उसंत नव्हती, आणि डिस्कवर सर्वांत जास्त वाचन करणाऱ्या प्रोसेसचं नाव होतं ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे डेटाबेसची आपोआप चालणारी सफाई. तक्रारीसोबत उपायही आला: "अहो, ते ऑटोव्हॅक्यूम आधी बंद करा."

बंद केलं नाही. कारण कळायला आधी ते टेबल बघावं लागेल.

डेटाबेस पोस्टग्रेस १५. कामांच्या रांगेचं एकच टेबल. काम आलं की रो (टेबलातली एक ओळ) पडतो, वर्करने (काम करणाऱ्या प्रोसेसने) उचललं की त्याची स्थिती बदलते, संपलं की पुन्हा बदलते, आणि मग रो डिलीट होतो. पोस्टग्रेस अपडेट करताना जुन्या रोवर खाडाखोड करत नाही. नवी प्रत लिहितो आणि जुनी तिथेच पडून राहते. डिलीटमध्येही रोवर फक्त खूण होते. म्हणजे दर कामामागे तीन मृत प्रती. आमच्याकडे सेकंदाला साधारण ६० कामं, म्हणजे सेकंदाला १८० मृत प्रती. रो सुमारे ४०० बाइटचा, पान ८ केबीचं, एका पानात वीसेक प्रती.

हा कचरा उचलणं ऑटोव्हॅक्यूमचं काम. मृत प्रती '५० अधिक टेबलातल्या रोंच्या २० टक्के' यापेक्षा जास्त झाल्या की ते त्या टेबलावर येतं, आणि दर मिनिटाला फेरी मारून बघतं. आमच्या रांगेत एरवी अडीच हजार जिवंत रो, म्हणून मर्यादा ५५०. ती तीन-चार सेकंदांत ओलांडली जाते, त्यामुळे या टेबलाची सफाई जवळजवळ दर मिनिटाला होते आणि टेबल १०-१५ एमबीच्या पुढे जात नाही. (हेच २० टक्के ५० कोटी रोंच्या टेबलावर घातक ठरतात. तिथे १० कोटी मृत प्रती साचेपर्यंत सफाईची पाळीच येत नाही. तिथे त्या टेबलापुरता स्केल फॅक्टर, म्हणजे हेच प्रमाण, ०.०१ (१ टक्का) किंवा त्याहून कमी ठेवावा.)

त्या सकाळी टेबल साडेतेरा जीबीचं होतं. पोस्टग्रेस टेबलाच्या एकेक जीबीच्या फाइली पाडतो. त्या डिरेक्टरीत एकाच नंबरच्या चौदा फाइली ओळीने उभ्या होत्या, शेवटचीला .१३ असं शेपूट.

काम उचलण्याची क्वेरी साधी: प्रलंबित रोंतला सर्वांत जुना घ्या, लॉक करा, दुसऱ्याने लॉक केलेला सोडून पुढे जा. एरवी तिला एक मिलिसेकंदही लागत नाही. आता चार सेकंद लागत होते. ती इंडेक्सच्या (रो पटकन शोधायच्या सूचीच्या) डाव्या, म्हणजे सर्वांत जुन्या टोकापासून चालत निघते, आणि त्या टोकाला लाखो नोंदी अशा की प्रत्येकीसाठी टेबलातलं पान उघडून बघावं तर रो मेलेला. एरवी अशी नोंद एकदा सापडली की इंडेक्समध्येच 'मृत' अशी खूण पडते आणि पुढची क्वेरी तिला ओलांडून जाते. पण ही खूण करायला एक अट आहे: ती प्रत कुणालाच, अगदी सर्वांत जुन्या चालू ट्रान्झॅक्शनलाही (एकत्र पार पडणाऱ्या क्वेरींच्या गटालाही), दिसता कामा नये. ऑटोव्हॅक्यूमलाही तीच अट.

आणि तीच अट पूर्ण होत नव्हती. लॉगमध्ये दर फेरीची नोंद होती. काढलेल्या प्रती: ०. मृत, पण अजून काढता न येणाऱ्या: सुमारे ३ कोटी ६० लाख. म्हणजे झाडूवाला इमानाने साडेतेरा जीबी झाडत होता, एकही कण न उचलता बाहेर पडत होता आणि मिनिटभराने पुन्हा आत शिरत होता. डिस्कवरचा भार तो हाच. ऑटोव्हॅक्यूम बंद केलं असतं तर आलेख सुंदर दिसला असता, रांग मात्र तशीच तुंबलेली राहिली असती. लॉगमधली ही एक ओळ न वाचता ऑटोव्हॅक्यूमच्या सेटिंगला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याच ओळीत पुढे सफाईची सीमा दिलेली असते: कुठल्या ट्रान्झॅक्शन क्रमांकानंतरचा कचरा उचलता येणार नाही, आणि तो क्रमांक किती मागे पडलाय. आमचा ५ कोटींहून मागे होता. या टेबलावर तासाला साडेआठ लाखांच्या आसपास ट्रान्झॅक्शन होतात, तेव्हा हिशेब थेट शुक्रवार संध्याकाळपर्यंत गेला.

सीमा धरून ठेवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, प्रायमरीवरचं (जिथे सगळं लिहिलं जातं त्या मुख्य सर्व्हरवरचं) उघडं पडलेलं जुनं ट्रान्झॅक्शन. असं एकही नव्हतं. प्रायमरीवर दहा मिनिटांहून जास्त रिकामं बसलेलं ट्रान्झॅक्शन आपोआप तोडलं जातं. दुसरी, दोन टप्प्यांच्या कमिटमधलं अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन. अशांची यादी दाखवणारा व्ह्यू रिकामा. तिसरी, विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट (प्रत घेणारा कुठवर पोचला याची प्रायमरीवरची नोंद). आम्ही स्लॉट वापरतच नाही. चौथी जागा म्हणजे रेप्लिका, प्रायमरीची फक्त वाचायला ठेवलेली चालती प्रत, आणि लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. आम्हीही उशिरा पोचलो, कारण आमची नेहमीची तपासणीची क्वेरी फक्त क्लायंटची सेशन गाळून घेते आणि रेप्लिकेला बदल पाठवणारा वॉल-सेंडर त्यातून निसटतो. पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन या व्ह्यूमध्ये रेप्लिकेच्या ओळीत बॅकएंड_एक्समिन, म्हणजे तिने धरलेल्या सीमेचा क्रमांक, बघितला. वय (किती मागे पडलाय ते) ५ कोटींच्या वर. तुमच्याकडे स्लॉट असेल तर हा रकाना रिकामा दिसेल. तोच आकडा स्लॉटच्या एक्समिनमध्ये शोधावा.

हे घडतं हॉट_स्टँडबाय_फीडबॅकमुळे. ते चालू असलं की रेप्लिका प्रायमरीला कळवत राहते, "माझ्याकडे इतकी जुनी क्वेरी चालू आहे, तिला लागणारा माल फेकू नका." आम्हीच ते चालू केलं होतं, कारण लांबलचक रिपोर्ट मध्येच रद्द होत होते.

रेप्लिकेवर एक सेशन शुक्रवार संध्याकाळपासून ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलेलं सापडलं. कुणीतरी एसक्यूएल टूलमधून मोठी क्वेरी चालवली, ऑटोकमिट बंद (म्हणजे ट्रान्झॅक्शन आपोआप संपत नाही), टूलने पहिल्या ५०० ओळी आणून दाखवल्या आणि उरलेल्यांसाठी कर्सर (पुढच्या ओळी कुठून आणायच्या याची खूण) उघडा ठेवला. लॅपटॉप तसाच चालू राहिला. यातली खोच कर्सरमध्ये आहे. रीड कमिटेड या नेहमीच्या पातळीवर नुसतं रिकामं बसलेलं, काही न लिहिलेलं ट्रान्झॅक्शन स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाचं चित्र) धरत नाही. कर्सर उघडा असला की धरतं. त्या सेशनने रांगेच्या टेबलाला स्पर्शही केला नव्हता. पण सीमा टेबलागणिक वेगळी नसते, ती अख्ख्या डेटाबेसला लागते.

असलं सेशन 'कॅन्सल' करून काही होत नाही, कारण रद्द करायला चालू क्वेरीच नसते. ते टर्मिनेट करावं लागतं. केलं. रेप्लिका साधारण दर दहा सेकंदांनी आपली स्थिती कळवते, तेवढ्यात प्रायमरीवरची सीमा पुढे सरकली.

तेव्हा चालू असलेल्या ऑटोव्हॅक्यूमच्या फेरीवर मात्र विसंबलो नाही. फेरी आपली सीमा सुरुवातीलाच ठरवते, तिने जुनीच धरलेली. शिवाय सफाईला मिळणारी मेंटेनन्स मेमरी मूळच्या ६४ एमबीवर होती. प्रत्येक मृत प्रतीचा पत्ता ६ बाइट, म्हणजे एका दमात १ कोटी ११ लाख पत्ते मावतात. ३ कोटी ६० लाखांसाठी चार दम, आणि दर दमाला तिन्ही इंडेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. (आवृत्ती १७मध्ये ही साठवण बदलली आहे, तिथे हे गणित लागू नाही.) म्हणून सेशनपुरती मेमरी १ जीबी केली आणि हाताने व्हॅक्यूम चालवला. लॉकसाठी तो अडला की सेकंदभराने ऑटोव्हॅक्यूम आपणहून माघार घेतं. हाताने चालवलेल्या व्हॅक्यूमला मध्ये थांबत जायचं बंधन मूळ सेटिंगमध्ये नसतं. सहा मिनिटांत झालं. काम उचलण्याची क्वेरी परत एक मिलिसेकंदाच्या आत आली आणि तुंबलेली रांग पाऊण तासात ओसरली.

टेबल मात्र अजून साडेतेरा जीबीचंच. साधा व्हॅक्यूम जागा टेबलाच्या आत मोकळी करतो. डिस्कला परत देतो ती फक्त शेपटाकडची सलग रिकामी पानं. 'व्हॅक्यूम फुल' चालवायचा आग्रह झाला. तो टेबल नव्याने लिहून काढतो, पण संपेपर्यंत वाचनालाही कुलूप लावतो. रांगेच्या टेबलाला त्याची गरज नसते. व्हॅक्यूम संपताना मोकळ्या जागेच्या नकाशाची सुई सुरुवातीच्या पानांवर आणतो, त्यामुळे नवे रो तिथेच पडू लागतात आणि शेवटाकडची पानं आपोआप रिकामी होतात.

तरी दोन तासांनी आकार जैसे थे. सीटीआयडीच्या (पानाचा क्रमांक, पानातली जागा) उतरत्या क्रमाने रो बघितले तर वरचाच पत्ता (१७५२३१८,७). तीनदा फसून 'अयशस्वी' म्हणून पडून राहिलेलं एक काम, आणि त्याच्या आगेमागे असेच आणखी दहा. हे अकरा रो साडेतेरा जीबीच्या टोकाला बसून होते. नुसतं अपडेट करून ते हलले नसते. पानात जागा असली की नवी प्रत त्याच पानात पडते. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये डिलीट करून पुन्हा घातले. पुढच्या फेरीत ऑटोव्हॅक्यूमने शेपूट कापलं आणि टेबल २० एमबीच्या आत आलं. त्या कापणीला क्षणभर पूर्ण लॉक लागतं आणि ते रेप्लिकेवरही पोचतं. रेप्लिकेवर त्याच टेबलावर रिपोर्ट चालत असेल तर तो रद्द होऊ शकतो. इंडेक्सच्या फाइली आपोआप आटत नाहीत, म्हणून तिन्ही इंडेक्स रात्री रीइंडेक्स कॉन्करंटलीने नव्याने बांधले.

रेप्लिकेवर ती दहा मिनिटांची मर्यादा का नव्हती? कारण ती प्रायमरीच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिली होती, आणि कॉन्फिग फाइल रेप्लिकेट होत नाही. रोलवर (डेटाबेसच्या वापरकर्त्यावर) लावलेली सेटिंग कॅटलॉगमध्ये (डेटाबेसच्याच अंतर्गत टेबलांत) जाते, म्हणून रेप्लिकेपर्यंत आपोआप पोचते. आता रिपोर्टच्या रोलवर पंधरा मिनिटांची मर्यादा आहे. फीडबॅक चालूच ठेवलंय; बंद केलं असतं तर रद्द होणाऱ्या रिपोर्टांचं रडगाणं परत सुरू झालं असतं.

शिवाय चारही जागांचं एक्समिनचं वय दर मिनिटाला मोजून १० लाखांवर इशारा लावला, म्हणजे साधारण सव्वा तासाचं मागासपण. पहिल्याच रात्री अडीच वाजता तो वाजला. रेप्लिकेवरून निघणारा आमचाच पीजी_डम्प (बॅकअप) दोन तास चालतो आणि तेवढा वेळ एकच स्नॅपशॉट धरून असतो. सकाळी इशारा २५ लाखांवर नेला.