ट्रेलर, बिडाचा तवा आणि शेजार

गुरुवार, रात्री

वारा पडलेला होता, म्हणून ट्रकमागे आमचा राहायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, ओढत मॅकिनॉ पूल आज सहज ओलांडता आला. निघायच्या आधीपासून मी रोज तिथल्या वाऱ्याचा अंदाज बघत होते. पाच मैलांचा हा पूल १ नोव्हेंबर १९५७ ला सुरू झाला आणि अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचे खालचा-वरचा असे दोन तुकडे रस्त्याने जोडले गेले. वाऱ्याचा जोर ताशी ३५ मैलांच्या वर गेला, की ट्रेलरसारख्या उंच गाड्यांना पुलाची माणसं स्वतः सोबत करून हळूहळू पलीकडे नेतात. त्याहून वाढला तर थांबवूनच ठेवतात. आतल्या मार्गिकेत डांबराऐवजी लोखंडी जाळी आहे, तिच्यातून खाली थेट पाणी दिसतं. ट्रेलर मागे असताना आम्ही ती घेत नाही, बाहेरच्या मार्गिकेतून जातो.

डेट्रॉईटच्या उपनगरातून इथे टक्वामेनन धबधब्यांपर्यंत साडेतीनशे मैलांच्या आसपास होतात. हा, म्हणजे माझा नवरा, आयुष्यभर गाड्यांच्या चाचण्या करत आला, त्यामुळे वजनाचा हिशेब त्याच्या रक्तात आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. त्याहून कमी आला तर हमरस्त्यावर ट्रेलर मागे डोलायला लागतो, आणि एकदा डोलायला लागला की आवरणं कठीण. म्हणून डबे कुठे, खुर्च्या कुठे, बिडाची भांडी कुठे, सगळं त्याच्या सांगण्यावरून ठरतं. पाण्याची टाकी रिकामी घेऊन निघतो. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं. आमची ४० गॅलनची टाकी भरली तर दीडशे किलो नुसतं पाणीच ओढत आणायचं. ते इथल्या नळावर भरून घेतलं.

उद्यानातल्या मुक्कामाच्या जागेवर पोचल्यावरचा क्रम आता अंगवळणी पडला आहे. ट्रेलर उलटा घ्यायचा, पाणसळ बघायची, डावी-उजवी बाजू सारखी करायची, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, आणि मगच ट्रकपासून सोडवायचा. ठोकळ्यांआधी सोडवला तर उतारावर काय होईल ते सांगायला नको. पाणसळीचं महत्त्व फक्त झोपेपुरतं नाही. आमचा फ्रीज गॅसवर चालणारा आहे, त्याच्या नळ्यांमधलं द्रव उताराच्या भरवशावर वाहतं. ट्रेलर कलता राहिला तर फ्रीज गार होत नाही आणि हळूहळू कायमचा बिघडतो.

ट्रेलर उलटा घेत होतो तेवढ्यात शेजारच्या जागेवरचे आजोबा हातातला कप खाली ठेवून उठले आणि मागच्या झाडापाशी जाऊन उभे राहिले. न बोलता. फक्त हात. या, या, थोडं डावीकडे, बास. काम झाल्यावर म्हणाले, "त्या फांदीवर लक्ष ठेवा, गेल्या वर्षी तिने एकाचं छत फाडलं होतं." मग कप उचलून पुन्हा आपल्या खुर्चीत. मला ही माणसं फार आवडतात.

शुक्रवार

इथे प्रत्येक जागेला वीज आहे, पण पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची जोडणी नाही. म्हणजे टाकीतलं पाणी पुरवून वापरायचं. त्याहीपेक्षा, धुण्याभांड्याचं पाणी जिथे साठतं ती टाकी भरू द्यायची नाही. नव्या माणसाला वाटतं स्वच्छ पाणी आधी संपेल. तसं होत नाही, आधी ही करडी टाकी तुडुंब होते. मी ताटं आधी कागदाने कोरडी पुसून घेते, मग एका टबात साबणाचं आणि दुसऱ्यात खळबळायचं पाणी. वाहत्या नळाखाली काहीच नाही.

मला यात अडचण वाटत नाही, उलट बरं वाटतं. माझं लहानपण सोलापूरचं. पाणी यायच्या दिवशी घरात दुसरं काम नसायचं. हंडे, कळशा, पिंप, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना जायचं. इथे आल्यावर नळ सोडला की हवं तेवढं पाणी, गरमसुद्धा, आणि वर्षानुवर्षं त्याचा विचारही मनात येत नाही. ट्रेलरमध्ये चार दिवस राहिलं की हाताला पुन्हा कळतं, की एका माणसाला दात घासायला एक भांडं पाणी पुरतं. मुलगी लहान होती तेव्हा हे तिला सांगून पटलं नव्हतं. ट्रेलरमध्ये पहिल्यांदा राहिली तेव्हा आपोआप पटलं.

विजेचंही तसंच. आमची जोडणी ३० अँपिअरची, १२० व्होल्टची. म्हणजे जास्तीत जास्त ३६०० वॉट. वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम लावली की खटका पडलाच. त्यामुळे "मी चहा ठेवतेय" हे वाक्य इथे मोठ्याने म्हणावं लागतं, म्हणजे दुसरा माणूस मायक्रोवेव्हच्या बटणावरून हात काढतो.

संध्याकाळी भरीत केलं. त्याबद्दल नीट लिहायला हवं, कारण घरच्या विजेच्या शेगडीवर भाजलेल्या वांग्याला ती चव कधी येतच नाही.

लाकडं इथल्याच उद्यानाच्या दुकानातून घेतली. घरून लाकूड आणायचं नाही, हे मी मनापासून पाळते. २००२ मध्ये डेट्रॉईटजवळच एक हिरवा चकाकता भुंगेरा सापडला, आशियातून आलेला. त्याच्या अळ्या अॅश झाडाच्या सालीखाली बोगदे करतात, झाडाचं अन्नपाणी तुटतं, आणि उभं झाड वाळून जातं. उत्तर अमेरिकेत अशी कोट्यवधी झाडं गेली. भुंगेरा स्वतः फार लांब उडत नाही. सुट्टीवर निघालेल्या माणसांच्या गाडीतल्या जळाऊ लाकडांतून तो राज्यं ओलांडत गेला. आमच्या जुन्या घराच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना अॅश होते. सगळे पाडावे लागले. ती बोडकी गल्ली पाहिल्यापासून मला कुणाच्या ट्रकमध्ये घरून आणलेली मोळी दिसली की मी बोलल्याशिवाय राहत नाही.

तर वांगं. ज्वाळेवर धरलं तर साल करपते आणि आतून कच्चं राहतं. लाकडं तासभर जळू द्यायची, लाल निखारे उरले की ते बाजूला ओढून त्यावर वांगं ठेवायचं. आधी तेलाचा हात आणि सुरीने दोन-तीन टोचे. चिमट्याने फिरवत राहायचं. देठापाशी दाबल्यावर बोट आत गेलं की झालं. तिथेच निखाऱ्यात दोन कांदे सालीसकट आणि हिरव्या मिरच्या. फोडणी बाहेरच्या दोन बर्नरच्या शेगडीवर, बिडाच्या छोट्या कढईत. ट्रेलरच्या आत मी फोडणी कधीच करत नाही. एक तर मोहरी-हिंगाचा वास गाद्यांत आणि पडद्यांत महिनाभर बसतो, आणि एवढ्याशा जागेत मिरचीचा खाट उठला तर दोघांनाही बाहेर पळावं लागतं. बाहेर शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा मात्र लागतोच. इथे तळ्यावरून येणारा वारा ज्योत एका बाजूला नेतो आणि अर्धा गॅस फुकट जातो.

भरिताबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सोलापूरहून कुणी येणार असलं की मी दुसरं काही मागत नाही. ज्वारीची पातळ कडक भाकरी हवाबंद डब्यात महिनाभर टिकते, तिला फ्रीज नको, ती गरम करायला नको. ट्रेलरच्या फडताळासाठीच कुणी केली असावी असं वाटतं.

शेजारच्या आजींना वाटीभर भरीत दिलं. त्यांनी विचारलं, ही कुरकुरीत चपटी गोष्ट काय? मी सांगितलं, आमच्याकडे प्रवासाला निघालेला माणूस फडक्यात बांधून नेतो. त्या लगेच म्हणाल्या, मग ही तर आमची पॅस्टी! त्या इथल्याच, वरच्या मिशिगनच्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगार इथल्या तांब्या-लोखंडाच्या खाणींत आले, ते ही जाड पिठाची करंजी घेऊन आले. आत मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा कंद. खाणीत जाताना कामगार ती खिशात घालून नेत. त्यांचे आजोबा लोखंडाच्या खाणीत होते. आम्ही मांस खात नाही हे कळल्यावर म्हणाल्या, "उद्या तुमच्यासाठी बटाटा-रुटाबागाची करते." आणि लगेच, "पण त्यात तुमचा तो काळा दाणा घालू का, फुटतो तो?" मोहरी. मी डबीतली थोडी पुडीत बांधून दिली.

निजण्याआधी एकूण एक भांडं, तेलाची बाटली, कचऱ्याची पिशवी, सगळं आत. इथे काळी अस्वलं आहेत. आणि अस्वल आलं नाही तरी रॅकून येतोच.

शनिवार

सकाळी साडेसहाला जाग आली. पोह्यांची तयारी करून ठेवली. कुकर मात्र आठनंतर. रात्री दहा ते सकाळी आठ शांततेची वेळ असते, आणि पहाटे कुकरची शिट्टी अख्ख्या जंगलाला उठवेल. आठ वाजून पाच मिनिटांनी डाळीला लावला. पहिल्या शिट्टीला समोरच्या जागेवरचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा धावत आला. त्याला वाटलं काहीतरी फुटलं. वाफ कशी कोंडते, दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर कसं जातं आणि म्हणून डाळ लवकर कशी शिजते, हे याने त्याला एवढं समजावून सांगितलं, की पुढच्या शिट्ट्या तो मोजायलाच बसला.

दुपारी वरचा धबधबा. दोनशे फूट रुंद, पन्नासेक फूट उंच, आणि पाणी चक्क तपकिरी. ते गढूळ नाही. वरच्या बाजूला सीडर, स्प्रूस, हेमलॉक या झाडांची दलदल आहे, तिथला टॅनिन, म्हणजे झाडांमधलं तपकिरी द्रव्य, पाण्यात उतरतो. ऊन पडलं की कडेचं पातळ पाणी मधाळ दिसतं आणि मधलं जवळजवळ काळं. मी तासभर कठड्याला टेकून उभी होते. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघ्यांचा विचार करून उतरावं.

रविवार

व्हाइटफिश पॉइंटला गेलो, सुपीरिअर सरोवराच्या काठी. तिथलं जहाजफुटीचं संग्रहालय पाहिलं. १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे खनिज वाहणारं जहाज इथून सतरा मैलांवर बुडालं, २९ माणसांसकट. कुणीही वाचलं नाही. १९९५ मध्ये त्याची घंटा वर काढली, तिच्या जागी त्या २९ जणांची नावं कोरलेली नवी घंटा खाली ठेवली. जुनी घंटा संग्रहालयात आहे.

संध्याकाळी शेकोटीपाशी हे सांगितलं तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ते लोखंड आमच्याकडेच यायचं होतं, डेट्रॉईटला, झग आयलंडच्या भट्ट्यांसाठी. ते तेव्हा तिथल्या पोलाद कारखान्यात तरुण कामगार होते. त्या दिवशी कारखान्यात कोण काय बोललं, कुणाचा मेहुणा जहाजांवर होता, सगळं त्यांनी सांगितलं. मी डेट्रॉईटच्या परिसरात इतकी वर्षं राहते. झग आयलंडच्या चिमण्या हमरस्त्यावरून कितीदा पाहिल्यात. त्यांच्याबद्दल मला कुणी असं सांगितलं नव्हतं, कारण तिथे मी कुणाशेजारी खुर्ची टाकून बसतच नाही. तिथे गाडी गॅरेजमध्ये जाते, दार खाली येतं, आणि शेजाऱ्याची भेट बर्फ काढताना होते तेवढीच. इथे स्वयंपाक बाहेर, भांडी बाहेर, चहा बाहेर. माणूस दिसतो, म्हणून बोलतो. ट्रेलर घ्यायचं ठरलं तेव्हा मला निसर्ग हवा होता. आता मी निघते ती बरीचशी या गप्पांसाठी.

आजींची पॅस्टी फार छान झाली होती. मोहरी त्यांनी कच्चीच घातली होती. पुढच्या वेळी तेलात तडतडवून घाला म्हणून सांगितलं, आणि तेल किती तापलं की टाकायची तेही दाखवलं.

सोमवार

आवराआवर. रात्री हीटर चालला होता, तरी खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी धरलं होतं. ते पुसून घेतलं, नाहीतर कोपऱ्यात बुरशी धरते. छतावरची खिडकी रात्री बोटभर उघडी ठेवली तर हे बरंच कमी होतं.

टाक्या रिकाम्या करायच्या जागी रांग होती. क्रम नेहमीचा: आधी संडासाची काळी टाकी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने तोच पाइप धुऊन निघतो. काळ्या टाकीची झडप मुक्कामात कायम बंद ठेवायची आणि टाकी बरीच भरली की एकदम सोडायची. झडप उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते तळाशी साचून बसतं. आमच्या मागे पहिल्यांदाच भाड्याने आरव्ही, म्हणजे राहायची गाडी, घेऊन आलेलं एक तरुण जोडपं होतं, दोघांच्या हातात हातमोजे आणि चेहऱ्यावर धास्ती. हा त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत थांबला. मी त्या मुलीला उरलेली शेंगाचटणी दिली.

मुलीचा फोन आला होता. ऑक्टोबरात रंग बदलतील तेव्हा तिला यायचंय, मैत्रिणीला घेऊन. "आई, भरीत करशील ना? निखाऱ्यावरचं?" म्हटलं, वांगी तुम्ही आणा, लाकडं तिथेच घेऊ.