पांतानाल: आधी पाणी बघा, मग जग्वार

पांतानालला कधी जायचं हे पाणी ठरवतं. ते एकदा समजलं की बाकीची आखणी सोपी होते. ब्राझील, बोलिव्हिया आणि पॅराग्वे या तीन देशांत पसरलेली ही पाणथळ जमीन दीड लाख चौरस किलोमीटरहून मोठी आहे. साधारण निम्म्या महाराष्ट्राएवढी समजा. त्यातला बहुतेक भाग ब्राझीलच्या मातो ग्रोसो आणि मातो ग्रोसो दो सुल या राज्यांत येतो. कडेला पठारं आणि मध्ये उथळ परातीसारखी सपाट जमीन. डिसेंबर ते मार्च जोराचा पाऊस पडतो, पण उतार इतका कमी की उत्तरेत चढलेलं पाणी दक्षिणेला पोचायला काही महिने लागतात. उत्तरेत मे-जूनपासून पाणी ओसरतं, मासे उरलेल्या डबक्यांत अडकतात, माशांमागे पक्षी आणि कायमन मगरी जमतात, आणि कायमनमागे जग्वार नदीकाठावर येतो. त्यामुळे प्राणी बघायचे तर जुलै ते ऑक्टोबर. आम्ही ऑगस्टचा दुसरा पंधरवडा निवडला होता. पुन्हा जायचं झालं तरी तोच निवडू.

मुंबईहून दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे साओ पावलो, आणि तिथून दोन-सव्वादोन तासांचं देशांतर्गत विमान कुयाबाला. कुयाबा ही मातो ग्रोसोची राजधानी. घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे. एवढ्या प्रवासानंतर पहिली रात्र कुयाबात झोपून काढा आणि पहाटे निघा. शंभरेक किलोमीटरवर पोकोने हे गाव लागतं. गाडीची टाकी तिथे गच्च भरा, रोख पैसे तिथेच काढा, पिण्याचं पाणी तिथेच घ्या. पुढे फोनला रेंजही धड मिळत नाही.

पोकोनेनंतर ट्रान्सपांतानेरा हा कच्चा रस्ता सुरू होतो. 1970च्या दशकात तो थेट दक्षिणेतल्या कोरुंबापर्यंत न्यायची योजना होती. काम पोर्टो जोफ्रेला, कुयाबा नदीच्या काठी थांबलं आणि रस्ता तिथेच संपला. लांबी साधारण 145 किलोमीटर आणि वाटेत शंभराहून जास्त पूल. पूर्वी सगळे लाकडी होते. आता बरेचसे सिमेंटचे झालेत, तरी फळ्यांचा खडखडाट अजून ऐकू येतो. बरेच पर्यटक हा रस्ता एका दमात पार करून थेट जग्वारच्या होडीत बसतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका. रस्ता उंच करण्यासाठी दोन्ही बाजूंची माती उपसली, त्याचे खड्डे झाले, आणि कोरड्या महिन्यांत पाणी टिकतं ते याच खड्ड्यांत. एकेका पुलाखाली शंभर-शंभर कायमन एकमेकांवर पसरलेले दिसतात. त्यांच्या नाकासमोर गुलाबी चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी), बगळे आणि माणसाच्या छातीला लागेल एवढा जाबिरू करकोचा, गळ्याला लाल पट्टा, एकाच चिखलात चरत असतात. कॅपिबाराची (डुकराएवढ्या, उंदराच्या कुळातल्या प्राण्याची) कुटुंबं रस्त्यातच बसलेली असतात आणि गाडी थांबली की सावकाश उठतात. आम्ही पुलापुलावर इंजिन बंद करून उभे राहिलो. जंगल सफारीत गाडीतून उतरायची सवय आपल्याला नसते. इथे पुलावर उतरून कठड्याशी उभं राहता येतं. फक्त पाण्याच्या कडेला जायचं नाही.

रस्त्यालगतच्या फाझेंदांमध्ये, म्हणजे गुरांच्या मोठ्या वाड्यांमध्ये, राहायची सोय आहे. पांतानालचा जवळजवळ 95 टक्के भाग खाजगी मालकीचा आहे आणि दोनशेहून अधिक वर्षं इथे गुरं चरतात, ही गोष्ट जाण्याआधी माहीत असावी. ताडोब्यासारखं गेट, कोअर, बफर असं काही इथे नाही. ज्या वाडीत तुम्ही राहता तिच्या मालकाला पर्यटनातून पैसे मिळाले तर तो जग्वारला सहन करतो, नाहीतर वासरू मारणारं जनावर म्हणूनच बघतो. 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोर्टो जोफ्रे परिसरातलं जग्वार-पर्यटनाचं वार्षिक उत्पन्न सुमारे 68 लाख डॉलर, तर जग्वारने मारलेल्या गुरांचं नुकसान सुमारे 1.2 लाख डॉलर असा हिशेब मांडला आहे. म्हणून फाझेंदात किमान दोन रात्री राहा, घोड्यावरून फिरा, तिथल्या गुराख्यांना सोबत न्या. आमच्याबरोबरच्या गुराख्याने ओल्या मातीतला टॅपिरचा (छोट्या सोंडेच्या, डुकरासारख्या प्राण्याचा) ठसा घोड्यावरूनच ओळखला आणि संध्याकाळी बरोबर त्याच डबक्यावर आम्हाला बसवलं. टॅपिर अंधार पडल्यावर आला.

फाझेंदाच्या अंगणातली पहाट मात्र हायसिंथ मकाव या मोठ्या पोपटाची. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभर लांब, गडद निळा, डोळ्याभोवती पिवळी कड. जोडी जोडीने येतात आणि अकुरी पामची दगडासारखी फळं कडकड फोडतात. पाळण्यासाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे 1980च्या दशकाअखेर पांतानालमध्ये हे पक्षी फार थोडे उरले होते. नेइवा गेदेस या जीवशास्त्रज्ञ बाईंनी 1990पासून त्यांच्या घरट्यांवर काम सुरू केलं, झाडांवर लाकडी पेट्या बसवल्या, आणि आज ते पुन्हा हजारोंनी आहेत. ते घरटी करतात ती मुख्यतः मांदुवी या एकाच जातीच्या झाडांच्या ढोल्यांत. या झाडाच्या बिया दूरवर पसरवतो टूकान हा मोठ्या चोचीचा पक्षी, आणि मकावची अंडी खाणाराही टूकानच. वाटाड्याने झाडाखाली उभं राहून हे सांगितलं तेव्हा वर दोन्ही पक्षी बसलेले होते.

आता पोर्टो जोफ्रे. इथे रस्ता संपतो आणि सगळं होडीवर चालतं. भाड्याची होडी म्हणजे चार-सहा खुर्च्यांची वेगवान मोटरबोट, नावाडी आणि वाटाड्या. सकाळी सहाला निघायचं, दुपारी जेवायला परत किंवा डबा घेऊन सावलीत, मग सूर्य मावळेपर्यंत पुन्हा पाण्यावर. कुयाबा, पिकिरी आणि त्रेस इर्मांव्स या नद्या आणि त्यांचे फाटे एन्कोन्त्रो दास आग्वास राज्य उद्यानात एकमेकांना मिळतात, आणि जग्वार उघड्यावर दिसण्यासाठी जगात याहून चांगली जागा मला माहीत नाही. नावाड्यांचा आपापसात रेडिओ चालतो. एकाला दिसला की बाकीचे येतात.

आमचा पहिला जग्वार काठावरच्या मऊ वाळूत पसरलेला होता, नर, मान माझ्या मांडीहून जाड. इथले नर शंभर किलोच्या पुढे जातात. त्याने अर्धा तास काही केलं नाही. मग उठून काठाने चालू लागला, आणि नावाड्याने मोटर बंद करून होडी प्रवाहाबरोबर सोडून दिली. हे लक्षात ठेवा: चांगला नावाडी पाठलाग करत नाही, पुढे जाऊन वाट बघतो. जग्वार पाण्यात उतरला, फक्त डोकं वर ठेवून पोहत जलपर्णीच्या गादीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. पलीकडे कायमन होता. वाघ गळा धरतो. जग्वार डोक्याच्या मागून कवटीतच सुळे घुसवतो, एवढी त्याच्या जबड्यात ताकद असते. झेप पडली, पाणी उसळलं आणि कायमन निसटला. आमच्या होडीत कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं.

ती जलपर्णी बघून मला पंचगंगा आठवली. आपल्याकडे नद्या गुदमरवणारी ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. इथे कॅपिबारा ती खातात, जकाना पक्षी तिच्यावर चालतात, मासे तिच्या मुळांत वाढतात आणि दरवर्षीचा पूर तिची बेटं वाहून नेतो. खाणारे आणि पूर दोन्ही आपल्याकडे येताना मागे राहिले.

जग्वारच्या मागे धावताना पाणमांजरांना विसरू नका. महाकाय पाणमांजर पावणेदोन मीटरपर्यंत लांब होतं आणि कुटुंबाने शिकार करतं. पिरान्हा दोन्ही पंजांत धरून डोक्यापासून खाताना हाडांचा चुरचुर आवाज होडीपर्यंत येतो. प्रत्येकाच्या गळ्यावरचा पांढरा ठिपका वेगळा असतो, त्यावरून वाटाडे ती ओळखतात. कातड्याच्या धंद्याने ही पाणमांजरं आणि जग्वार दोन्ही संपत आले होते. 1967च्या कायद्याने ब्राझीलमध्ये शिकारीवर बंदी आली आणि मग हळूहळू ती सावरली.

खर्चाचं स्पष्ट सांगते. सगळ्यात महाग पडते ती होडी, कारण पेट्रोल त्याच कच्च्या रस्त्याने येतं. चौघांचा गट करा आणि होडी वाटून घ्या. पोर्टो जोफ्रेत तीन पूर्ण दिवस ठेवा. एका दिवसावर सगळी आशा लावू नका. ऑगस्ट-सप्टेंबरच्या खोल्या वर्षभर आधी भरतात. इंग्रजी बोलणारा वाटाड्या हवा असेल तर आरक्षणातच तसं लिहून घ्या, नाहीतर सगळं पोर्तुगीजमध्ये चालतं.

कपडे फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. कोरड्या महिन्यांत डास कमी असले तरी संध्याकाळी असतातच. दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड वाऱ्याची लाट आली की तो एका रात्रीत दहा अंशांजवळ उतरतो. पहाटेच्या होडीवर आम्ही स्वेटरवर वाऱ्याचं जाकीट घालून बसलो होतो. कॅमेऱ्याला 100-400ची लेन्स पुरते. होडीत तिपाईचा उपयोग नाही. रस्त्याच्या लाल धुळीसाठी कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी हवीच.

शाकाहारी मंडळींसाठी: भात आणि शिजवलेला राजमा-घेवडा प्रत्येक जेवणात असतो, पण त्या घेवड्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. 'सेम कार्ने', म्हणजे मांस नको, हे आदल्या दिवशीच स्वयंपाकघरात सांगा. सोबत तळलेला कसावा, केळी, चीजचे छोटे पाव मिळतात. मासे खाणाऱ्यांनी पाकू जरूर खावा, आणि पिरान्हाचं सूपही.

आगीचा विचार आखणीतच करा. 2020मध्ये पांतानालचा एक चतुर्थांशाहून जास्त भाग जळाला आणि एन्कोन्त्रो दास आग्वास उद्यानाचा तर बहुतेक सगळा. पंजे भाजलेला औसादो नावाचा जग्वार उपचारानंतर त्याच परिसरात परत सोडला गेला. 2024मध्येही मोठ्या आगी लागल्या. पाणी कमी चढलं त्या वर्षी धोका वाढतो, म्हणून त्या वर्षीच्या पावसाच्या बातम्या वाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जग्वार छान दिसतात, पण धूरही तेव्हाच जास्त. आरक्षण रद्द करण्याच्या अटी वाचूनच पैसे भरा.

भारतीय पासपोर्टवर ब्राझीलचा व्हिसा आधी काढावा लागतो. त्याला पुरेसा वेळ द्या. आणि पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावर, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी. तिचं पिवळं पुस्तक आयुष्यभर चालतं. जातानापेक्षा येताना ते जास्त लागतं: ब्राझीलहून परतणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. चेक-इनच्या सामानात टाकू नका, पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा.